दर मंगळवारी अकरा वाजता

२०१८च्या नाताळात इंदूरमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीने चर्चच्या मागच्या गल्लीतल्या सरकारी प्राथमिक शाळेत दप्तरं वाटली. बासष्ट मुलं, बासष्ट दप्तरं, बासष्ट स्वेटर आणि प्रत्येकाला केकचा एक तुकडा. महिला मंडळाने तीन महिने पैसे साठवले होते. राणीपुऱ्यात दुकानं पालथी घालून मीच माल आणला होता. मुलं सकाळी दहापासून मांडवात बसलेली, पाहुणे आले साडेअकराला. मग भाषणं. मग एकेका मुलाला पुढे बोलवायचं, दप्तर हातात द्यायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायला सांगायचं. त्या फोटोंमध्ये मीही आहे.

त्या दिवसातलं माझ्या डोळ्यांसमोरून न हललेलं दृश्य मात्र कुठल्याच फोटोत नाही. चौथीतली एक मुलगी दप्तर घेऊन जागेवर जाऊन बसली. तिने चेन उघडली, आत हात घातला, मग दप्तर उलटं करून झटकलं. वही-पेन्सिल असेल असं तिला वाटलं असावं. आतून निघाला वर्तमानपत्राचा बोळा. दप्तर फुगलेलं दिसावं म्हणून दुकानदार घालतात तो. तिने तो बोळा उलगडला, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केला आणि त्यावरचं चित्र बघत बसली. चित्राखाली मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. त्यांवरून तिची नजर एकदाही फिरली नाही. चौथीतल्या मुलीची.

पुढच्या नोव्हेंबरमध्ये मी हेडमॅडमना फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "दीदी, इस साल रहने दीजिए." मला तेव्हा फार लागलं. इतकं केलं आणि वर हे, असं वाटलं. आज वाटतं, त्या बाईंनी किती सभ्यपणे आम्हाला आमची चूक दाखवली होती.

गेल्या काही महिन्यांत देवास, महू आणि उज्जैनच्या मंडळींतल्या ओळखीच्या लोकांनी विचारलं, की तुम्ही त्या शाळेत नक्की काय करता आणि आम्हाला कसं सुरू करता येईल. फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी एक घरची गोष्ट. माझी आजी नगरची. तिथल्या मिशनच्या शाळेत शिकली, शिक्षिका झाली आणि लग्न होऊन इंदूरला आली. नगर म्हणजे मुलींच्या शाळा चालवणाऱ्या अमेरिकन मिशनरी सिंथिया फरारबाईंचं गाव. जोतिराव फुल्यांनी त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंकडे घेतले. आजी हे असं सांगायची, जणू ती स्वतः तिथे हजर होती. इंदूरलाही १८७७मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले आणि १८८७मध्ये इथलं ख्रिश्चन कॉलेज उभं राहिलं. मंडळी आणि शाळा हे नातं आमच्या रक्तातलं आहे. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण त्या शाळा आमच्या होत्या. इमारत आमची, शिक्षक आमचे, घंटा आमची. मागच्या गल्लीतली शाळा आमची नाही. ती सरकारची आहे आणि त्याहून जास्त तिथल्या आईबापांची आहे. २०१८मध्ये आम्ही त्या दारातून घरमालकासारखे आत गेलो. तिथे पाहुणा म्हणून, आणि खरं तर शेजारी म्हणून जायला शिकण्यात आमची पुढची चार वर्षं गेली. त्यातली दोन कोरोनाने नेली.

जून २०२२मध्ये, शाळा उघडल्यावर, मी एकटी गेले. हातात काही नाही, बरोबर कोणी नाही. बँकेतून निवृत्त होऊन मला तीन महिने झाले होते. हेडमॅडम पहिली-दुसरी एकत्र घेऊन बसल्या होत्या. मी व्हरांड्यात पाऊण तास थांबले. सुट्टीत त्या बाहेर आल्या, तेव्हा मी एवढंच विचारलं, की तुम्हाला कशाची अडचण आहे?

त्यांनी आधी माझ्याकडे बघून घेतलं. मग बोलायला लागल्या त्या थांबल्याच नाहीत. पाच वर्ग, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टावं मूल आलं की तिसरा. पट साठच्या वर होता आणि तिसरी जागा रिकामी होती. कोरोनात जी मुलं पहिलीत होती ती शाळेचं तोंड फारसं न बघता तिसरीत आली होती. त्यांना अक्षरं येत होती, पण शब्द लागत नव्हता. "बॅग तो सरकार से, एनजीओ से, सब से मिल जाता है," त्या म्हणाल्या. "मुझे कोई चाहिए जो एक बच्चे के पास बीस मिनट बैठे."

वीस मिनिटं. एका मुलाजवळ. एवढंच हवं होतं.

हे मी मंडळीच्या बैठकीत मांडलं तेव्हा दोन तट पडले. एक ज्येष्ठ गृहस्थ होते, माझ्या वडिलांचे मित्र. त्यांनी विचारलं, "प्रार्थना करायची नाही, येशूचं नाव घ्यायचं नाही, मग मंडळी म्हणून जाऊन उपयोग काय? समाजसेवा तर क्लबवालेही करतात." प्रश्न मनापासून होता आणि त्यांना गप्प बसवणं मला योग्य वाटलं नाही. पाळकसाहेबांनी त्यांना बायबलच्या दाखल्यातल्या शोमरोन्याची आठवण करून दिली. रस्त्यात पडलेल्या माणसाच्या जखमा बांधताना त्याने ना आपला धर्म सांगितला ना त्याचा विचारला, आणि तरी प्रभूने दाखला दिला तो त्याचाच. काका त्या दिवशी काही बोलले नाहीत. महिन्याभराने त्यांनीच स्वतःहून नाव नोंदवलं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आजवर एकही मंगळवार न चुकवलेले आमचे एकमेव स्वयंसेवक आहेत.

कायद्याची बाजूही त्याच बैठकीत स्पष्ट केली, आणि इतर मंडळींनी ती पहिल्या दिवशीच करावी. संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, हे संविधानाच्या २८व्या अनुच्छेदात आहे. मध्य प्रदेशात २०२१चा धर्मस्वातंत्र्य कायदा आहे आणि त्यातल्या प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूसुद्धा येते. पण भीतीपोटी नियम पाळायचे असं आम्ही ठरवलं नाही. दुसऱ्याचं सहा वर्षांचं लेकरू आपल्यासमोर बसलेलं असताना त्याच्या आईबापांच्या परवानगीशिवाय त्याच्या मनात काही पेरणं चूकच आहे. कायदा नसता तरी चूक असतं. म्हणून आम्ही एक कागद केला. शाळेत प्रार्थना नाही, पत्रकं नाहीत, वहीवर वचन नाही, नाताळच्या कार्यक्रमाचं आमंत्रणही नाही. खाली सगळ्या स्वयंसेवकांच्या सह्या. त्याची एक प्रत हेडमॅडमना दिली आणि दुसरी पालकांसमोर मोठ्याने वाचून दाखवली.

परवानगी हेडमॅडम एकट्या देऊ शकत नव्हत्या. शाळेची सगळी वाट जनशिक्षक (आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारे) आणि संकुल प्राचार्यांकडून (त्या शाळांच्या गटाचे प्रमुख) जाते, तिथे लेखी अर्ज दिला. शिवाय २०२१पासून विद्यांजली नावाचं केंद्र सरकारचं पोर्टल आहे. शाळा तिथे आपला अकरा आकडी यू-डायस कोड, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, टाकून नोंदणी करते आणि आपली गरज लिहिते, वस्तूंची वेगळी आणि सेवेची वेगळी. मग स्वयंसेवक अर्ज करतात आणि शाळा तो मान्य करते किंवा नाकारते. त्या पोर्टलचा हा क्रम मला फार आवडला. गरज शाळा लिहिणार, आपण नाही. आमच्या मंडळीतल्या कॉम्प्युटरवाल्या एका मुलाने हेडमॅडमच्या शेजारी बसून हे सगळं एका दुपारी करून दिलं.

मुलांच्या सुरक्षिततेवर कोणाचंही मन राखू नका. आम्ही सगळ्यांची पोलीस पडताळणी करून घेतली. तेव्हा दोन बायका रुसल्या, पण करूनच घेतली. बसायचं ते उघड्या व्हरांड्यात, एका वेळी किमान दोन मोठी माणसं. मुलाला घरी न्यायचं नाही, फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. फोटोची बंदी माझी. त्या दप्तरांनंतर मला तो नियम हवाच होता.

ऑगस्टमध्ये सात जण जायला लागलो. दर मंगळवारी अकरा ते साडेबारा, माध्यान्ह भोजनाची ताटं मांडली जाईपर्यंत. आणि पहिल्याच महिन्यात आम्ही शाळेच्या कामात गोंधळ घातला. आमच्यातल्या प्रत्येकाने मुलांना आपण शिकलो तशी बाराखडी घोकायला लावली. शाळेत मिशन अंकुरच्या, म्हणजे लहान वर्गांना लिहा-वाचायला शिकवण्याच्या राज्य सरकारच्या कार्यक्रमाच्या, पुस्तिका चालू होत्या. त्यात आवाज जोडून शब्द करायचा, चित्रावर बोलायचं, मग लिहायचं असा वेगळा क्रम आहे. मुलं दोन पद्धतींच्या मध्ये सापडली. दुसऱ्या शिक्षिका, वयाने आमच्या मुलींएवढ्या, एके दिवशी संकोचत म्हणाल्या, "आंटी, आप लोग पहले मुझसे सीख लीजिए." त्यानंतर दोन शनिवार आम्ही सात म्हातारी माणसं त्यांच्यासमोर छोट्या बाकांवर बसलो आणि शिकलो. तुमच्या मंडळीत निवृत्त शिक्षक असतील तर त्यांना हे सगळ्यात जड जाईल. तरी बसवा.

इंदूरची एक मजा सांगते. आमच्या गटातल्या मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा जे शब्द स्वतःहून वाचले ते पुस्तकातले नव्हते, ते कचरागाडीवरचे होते. रोज सकाळी पिवळी गाडी गाणं वाजवत गल्लीत येते, डब्यांवर लिहिलेलं असतं "गीला कचरा", "सूखा कचरा". मुलांना ते गाणं पाठ, कुठला डबा कशाचा हेही पाठ. रेल्वेवाल्या काकांनी ते शब्द पुठ्ठ्यावर मोठे लिहून आणले आणि पालथे ठेवून एकेक उघडले. एक पोरगा ओरडला, "ये तो गाड़ी पे है!" मग गल्लीतले सगळे शब्द आणायची शर्यतच लागली. पोहे, जलेबी, किराना, पंचर. त्या आठवड्यात काकांच्या गटातल्या चार मुलांना लिहिलेलं आणि बोललेलं एकच असतं हे उमगलं. मी शेजारच्या सतरंजीवरून ते बघत होते.

एक मुलगी माझ्या गटात आली, दुसरीतली. तोंडातून शब्द नाही. हिंदीत विचारा, मान खाली. हजेरीत तिच्यापुढे मंद असं कोणी लिहिलं नव्हतं, पण सगळे तसं धरून चालले होते. तिसऱ्या मंगळवारी तिची पेन्सिल माझ्या पायाशी घरंगळली आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "गेली." मी दचकले. म्हटलं, "कुठं गेली गं?" तिने वर बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही. घर बुऱ्हाणपूरकडचं, आई-वडील बांधकामावर, घरात मराठी. वर्षभर ती अशा भाषेत बसली होती जी तिला निम्मीशीच कळत होती, आणि इंदूरसारख्या शहरात, जिथे राजवाड्यापासून सुदामानगरपर्यंत मराठी कानावर पडते, तिच्याशी शाळेत कोणी मराठीत बोललं नव्हतं. त्या दिवसापासून आम्ही गोष्ट आधी मराठीत बोलतो, मग हिंदीत वाचतो. दिवाळीनंतर एकदा भिंतीवरच्या पाटीवर बोट ठेवून तिने वाचलं, "शा-ला प्र-बं-ध-न..." आणि थांबून मला विचारलं, "बाई, यांनी ळ का नाही लिहिला?"

झाबुआ-अलीराजपूरच्या मुलांचं असंच आहे, त्यांच्या घरी भिली. ती भाषा आमच्यात कोणालाच येत नाही. त्यांच्यासाठी अजून आम्हाला माणूस मिळालेला नाही आणि ही उणीव मोठी आहे. होळीआधी भगोरियाच्या आदिवासी जत्रांना ती सगळी गावी जातात आणि व्हरांडा अर्धा रिकामा होतो. त्या आठवड्यात नवीन काही सुरू करायचं नाही, हे आम्ही दुसऱ्या वर्षी शिकलो.

आमच्यातल्या एक ताई नर्स होत्या. त्यांच्या लक्षात आलं, की एक मुलगा फळ्यावरचं कधी उतरवत नाही, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. शिक्षिकेला ती चोरी वाटायची. ताईंनी व्हरांड्यात टेपने सहा मीटर मोजले, खडूची रेघ मारली, समोर उलटसुलट ई अक्षरांचा तक्ता लावला. अक्षर ओळखायचं नाही, नुसतं हाताने दाखवायचं, ईची बोटं कुठल्या बाजूला आहेत. हा मुलगा सगळ्यात मोठ्या ईवरही हात इकडेतिकडे करत होता. पालकांच्या संमतीने सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा अशी पाच निघाली. तपासणी सोपी होती, पुढचं अवघड. सरकारी रुग्णालयात न्यायचं म्हणजे आईची एका दिवसाची मजुरी बुडणार. पाचही वेळा आमच्यातलं कोणीतरी आईबरोबर गेलं, आईला आणि मुलाला घेऊन, आणि तिच्या संमतीने त्या दिवसाचे पैसे तिला मंडळीच्या अर्पणातून पावती करून दिले. हिशेबाची वही मी ठेवते. पैसा सगळा आपल्याच लोकांच्या खिशातला, बाहेरून एक रुपया नाही.

शाळा प्रबंधन समितीच्या बैठकीला आम्हाला बोलावलं तर जातो, पण मागे बसतो. कायद्याने त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बायका. कागदावर होत्या. बैठक सकाळी अकराला, त्यामुळे येत कोणीच नव्हतं, कारण आया त्या वेळी बंगल्यांत भांडी घासत असतात. हे आम्हाला एका आईनेच गेटवर सांगितलं. हेडमॅडमनी वेळ दोनची केली आणि चौदा जणी आल्या. त्यांच्याकडून कळलं, की खरी डोकेदुखी समग्र आयडीची, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या रहिवासी ओळख क्रमांकाची आहे. आधारवर एक नाव, समग्रमध्ये दुसरं, जन्मतारीख तिसरीच. मग शिष्यवृत्ती अडते, पुढच्या शाळेतला प्रवेश अडतो. इथे माझी बँकेतली तीस वर्षं कामाला आली. महिन्यातून एका शनिवारी मी आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक भाऊ शाळेत बसतो, कागद बघतो, अर्ज भरून देतो, कुणाला महापालिकेच्या झोन ऑफिसला जायचं आणि कुणाचं एमपी ऑनलाइनच्या सेवा केंद्रावर होईल ते सांगतो.

२०२३च्या पावसात एका वर्गाचा पत्रा गळायला लागला. आमचा हॉल आठवडाभर रिकामाच असतो, म्हणून मंडळीतल्या काहींनी सुचवलं, मुलांना इकडे बसवू. प्रस्ताव चांगल्या मनाचा होता. आम्ही तो समितीपुढे ठेवला आणि पालकांनी नको म्हटलं. एका वडिलांनी सरळ सांगितलं, "आप लोग अच्छे हैं, पर गली में बात बनेगी." आम्ही तो विषय तिथेच सोडला. पत्र्याचे पैसे दिले, मिस्त्री शाळेने बघितला. त्या नकारानंतर आमच्यावरचा विश्वास वाढला असं मला वाटतं. नाही म्हटल्यावरही पुढच्या मंगळवारी आम्ही आलो, हे त्यांनी पाहिलं.

आमच्याकडून सगळ्यात वाईट घडलं ते तरुण संघाच्या बाबतीत. कॉलेजची दहा मुलं उत्साहाने आली, शाळेतल्या पोरांनी त्यांना डोक्यावर घेतलं. तीन आठवड्यांनी परीक्षा आल्या आणि ती यायची थांबली. कुणाला सांगितलं नाही. त्यानंतरचे दोन मंगळवार काही पोरं गेटच्या गजाला धरून उभी होती, "भैया नहीं आए?" ते विचारणं मला ऐकवत नव्हतं. आता आम्ही नव्या माणसाला आधी दोन महिने नुसतं बरोबर येऊ देतो, गट देत नाही. आणि गट दिला की एका गटाला दोन माणसं. एक आजारी पडलं तर दुसरं आहे. सात जणांचे आता अकरा झालो आहोत. मंडळी मोठी हवी असं काही नाही, आमची साठेक कुटुंबं आहेत.

दप्तर झटकणारी ती मुलगी मला परत दिसली नाही. आम्ही वाचायला शिकवायला गेलो तोवर ती पाचवी होऊन निघून गेली होती. हेडमॅडमनी रजिस्टर काढून बघितलं, कुटुंब गावी परतलं होतं.

येत्या सोमवारी रेल्वेवाल्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवस त्यांना येता येणार नाही. मागच्या मंगळवारी त्यांनी आपल्या गटातल्या चौघांना स्वतः सांगितलं, डोळ्याकडे बोट दाखवून, कॅलेंडरवर परत यायची तारीख गोल करून. त्यांच्या जोडीदारीण ताई आहेतच, पण पुठ्ठ्यांची पिशवी कोण नेणार ते ठरायचं आहे. रविवारी उपासनेनंतर ती माझ्याकडून घेऊन जायला कोणीतरी थांबा.